बुटाच्या खोक्याला चाकं लावली तेव्हा: गाडीवरचा हवेचा विरोध मोजण्याचं एक प्रकरण

नाशिक किंवा सोलापूर महामार्गाच्या कडेनं सायकल चालवलेल्या माणसाला हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही. मागून कंटेनर येतो. तो बरोबरीला येतायेताच हवेचा एक दणका बसतो आणि सायकल कडेच्या मुरमाकडे ढकलली जाते. कंटेनर पुढे निघून गेला की उलटं होतं. हवा आपल्याला रस्त्याच्या मध्याकडे ओढते आणि सायकल तिकडे कलते. आपण हँडल घट्ट धरतो, तोल सावरतो आणि पुढे निघतो.

1973 साली कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात एडविन साल्ट्झमन यांना सायकलवर नेमकं हेच जाणवलं. ते नासाच्या फ्लाइट रिसर्च सेंटरमध्ये अभियंता होते. एडवर्ड्स हवाई तळावरचं हे केंद्र पुढे ड्रायडन या नावानं ओळखलं जाऊ लागलं आणि आज त्याला आर्मस्ट्राँग यांचं नाव आहे. साल्ट्झमन यांचा हातखंडा विषय होता विमानाच्या मागच्या बोथट भागावरचा हवेचा विरोध. एक्स-15 या रॉकेट विमानाच्या शेपटीची मागची कड धारदार नव्हती, ती जाड आणि सपाट कापलेली होती. ध्वनीच्या सहापट वेगापर्यंत तिच्यामागे हवेचा दाब किती पडतो, याची मोजमापं त्यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यामुळे ट्रक शेजारून गेला तेव्हा त्यांना त्या धक्क्यात आणि ओढीत दोन वेगळे हिशेब दिसले. धक्का म्हणजे ट्रकच्या सपाट तोंडासमोर साचलेली, बाजूला फेकली जाणारी हवा. ओढ म्हणजे ट्रकच्या सपाट पाठीमागे पडलेला कमी दाबाचा खड्डा. सायकलस्वाराला दोन्ही क्षणभर जाणवतात. ट्रक मात्र पूर्ण प्रवासभर पुढची हवा रेटत आणि मागचा खड्डा ओढत असतो, आणि त्याची किंमत डिझेलमध्ये मोजतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली. काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत पिंपामागे सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेली. जानेवारी 1974 मध्ये अमेरिकेनं देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किमीची वेगमर्यादा आणली. एरवी अभियंत्याच्या वहीत पडून राहिला असता असा प्रश्न अचानक तातडीचा झाला.

यानंतर साल्ट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं, त्यासाठी हे प्रकरण मला घरच्या घरी गाडीवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. आपल्याकडे कुणी अ‍ॅव्हरेज वाढवायला निघाला की पहिल्याच दिवशी गाडीला काहीतरी लावतो. डिकीवर स्पॉयलर, पुढच्या जाळीवर सनपॅकची शीट, बंपरखाली रबरी पट्टी. मग दोन टाक्या भरून हिशेब करतो आणि आकडा वाढला की काम झालं असं धरतो. ड्रायडनच्या मंडळींनी सुरुवात उलट्या टोकानं केली. आधी त्यांनी मुद्दाम वाईट गाडी बनवली.

एक फोर्ड व्हॅन घेतली. तिच्याभोवती बाहेरून सांगाडा उभारला आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला. पुढची बाजू सपाट, पाठ सपाट, छत सपाट आणि सगळे कोपरे काटकोनात. दिसायला चाकांवरचा बुटाचा खोका, म्हणून तिला ‘शूबॉक्स’ हेच नाव पडलं. विमानांच्या केंद्रात, जिथे रॉकेट विमानं उडत होती, तिथे हे पत्र्याचं काम झालं. पत्रा, सांगाडा आणि रिव्हेट जाणणारा आपल्याकडचा एखादा बॉडी बिल्डर हे काम सहज करेल. त्यात गूढ असं काही नव्हतं.

वाईट गाडीपासून सुरुवात का करायची? त्या काळातले ट्रक, बस आणि मोटारहोम बरेचसे असेच खोके होते, त्यामुळे निष्कर्ष त्यांना लागू पडणार होते. पण माझ्या मते याहून मोठा फायदा तुलनेचा होता. काटकोनी खोक्याभोवती हवा पत्र्यापासून कुठे सुटते याबद्दल वाद नसतो, ती धारेवरच सुटते. पाया एकदा पक्का झाला की त्यावर केलेल्या प्रत्येक बदलाचा परिणाम मोठा आणि स्पष्ट दिसतो. आधीच गोलसर असलेल्या गाडीवर छोटा बदल केला तर तो मोजमापाच्या चुकीत हरवून जातो.

आता मोजमापाकडे येऊ, कारण या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

त्यांनी हवेचा विरोध इंधनावरून काढला नाही. त्यांनी ‘कोस्ट-डाउन’ पद्धत वापरली. गाडी ठरलेल्या वेगाला न्यायची, इंजिनाचं बळ चाकांपासून तोडायचं आणि गाडी आपोआप किती लवकर मंदावते ते नोंदवायचं. वस्तुमान माहीत असतं आणि वेग कमी होण्याचा दर मोजलेला असतो. दोघांचा गुणाकार केला की गाडीला मागे खेचणारं एकूण बळ मिळतं. त्यात टायरचा विरोध असतो आणि हवेचा असतो. टायरचा विरोध वेगानं फारसा बदलत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणून जास्त वेगाची आणि कमी वेगाची नोंद एकत्र ठेवली की दोन्ही वेगळे काढता येतात. इंजिन, गिअर, चालकाचा पाय, पेट्रोलची प्रत, पंपावरचं नोझल कुठे थांबलं, हे सगळं गणिताच्या बाहेर राहतं. टाकी ते टाकी हिशेबात 30 लिटरच्या भरण्यात 1 लिटर इकडेतिकडे झाला तरी 3 टक्क्यांहून मोठी चूक शिरते. घरगुती बदलाचा फायदा बहुतेक वेळा तेवढाच असतो.

आपल्या रस्त्यावरच्या छोट्या हॅचबॅकचा हिशेब मांडला तर हे स्पष्ट होईल. चालकासह वस्तुमान 1000 किलो धरू, समोरून दिसणारं क्षेत्रफळ 2 चौरस मीटर, ड्रॅग गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडवतो ते सांगणारा आकडा) 0.35, टायरचा विरोध वजनाच्या 1.2 टक्के आणि हवेची घनता घनमीटरला 1.2 किलो. या गाडीच्या टायरचा विरोध सुमारे 118 न्यूटन येतो, म्हणजे 12 किलोच्या वजनाइतकं बळ. ताशी 60 किमीला हवेचा विरोधही जवळपास तेवढाच, 117 न्यूटन. ताशी 100 ला तो 324 होतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना परवानगी असलेल्या ताशी 120 ला 467. म्हणजे शहरात हवा हा किरकोळ खर्च असतो, 60 ला ती टायरच्या बरोबरीला येते आणि 100 ला एकूण विरोधाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग तिचा असतो. गाडी बहुतेक वेळ सिग्नलला उभी राहत असेल तर बंपरखाली काहीही लावा, अ‍ॅव्हरेज हलणार नाही.

आता या गाडीचा ड्रॅग गुणांक 5 टक्क्यांनी कमी करणारा बदल तुम्ही केलात असं समजू. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ती ताशी 100 वरून 60 वर यायला आधी सुमारे 35 सेकंद घेत होती. बदलानंतर 36 सेकंद घेईल. फरक फक्त एका सेकंदाचा. 100 ते 90 एवढाच टप्पा मोजलात तर फरक पाव सेकंदाचा राहतो, म्हणजे घड्याळाचं बटण दाबायला अंगठ्याला लागणाऱ्या वेळाएवढा. त्यामुळे टप्पा लांब घ्यावा लागतो, फेऱ्या पुष्कळ कराव्या लागतात आणि वेग काट्यावर न वाचता नोंदवणाऱ्या उपकरणावर घ्यावा लागतो.

वाऱ्याचा प्रश्न तर आणखी कठीण. ताशी 90 नं जाताना समोरून ताशी 10 किमीची झुळूक असेल तर हवेचा विरोध 23 टक्क्यांनी वाढतो. झाडाची पानं हलवणारी त्या झुळुकीचा परिणाम तुमच्या 5 टक्क्यांच्या जवळजवळ पाचपट असतो. ‘दोन्ही दिशांनी फेरी मारली की वारा कटतो’ असं सगळे म्हणतात. विरोध वर्गानं वाढत असल्यामुळे तो पूर्ण कटत नाही. याच उदाहरणात जाता-येता सरासरी काढली तरी एक टक्क्याहून थोडी जास्त चूक उरते, आणि वारा बाजूनं असेल तर हवेचा प्रवाहच तिरका होतो. चढाचंही तसंच. डोळ्याला अजिबात न दिसणारा, 200 मीटरला 1 मीटर इतका चढ या गाडीवर 49 न्यूटन बळ टाकतो. तापमानाचं गणित बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. 15 अंशांच्या पहाटेच्या हवेपेक्षा 35 अंशांच्या दुपारच्या हवेची घनता साडेसहा टक्क्यांनी कमी असते. जुनी गाडी डिसेंबरात सकाळी तपासली आणि नवा बदल एप्रिलमध्ये दुपारी, तर काहीही न लावता ‘सुधारणा’ हातात येते. शिवाय टायर तापले की त्यांचा विरोध कमी होतो, हे वेगळंच. वाळवंटातला लांब, सपाट, मोकळा प्रदेश साल्ट्झमन यांच्या दाराशी होता, ही त्यांची मोठी सोय होती.

आणि त्यांनी पूर्ण आकाराची गाडी तपासली. कोपरा किती गोल असला म्हणजे हवा त्याला चिकटून वळते, हे वेग आणि आकार या दोन्हींवर अवलंबून असतं. छोट्या नमुन्यावर जो कोपरा अपुरा ठरतो तो खऱ्या आकारात पुरेसा ठरू शकतो. पवनबोगद्यातल्या खेळण्याएवढ्या नमुन्यांवरून काढलेले कित्येक निष्कर्ष रस्त्यावर टिकत नाहीत ते यामुळे.

मार्च 1974 मध्ये साल्ट्झमन आणि रॉबर्ट मायर यांचा पहिला अहवाल आला. त्यांनी खोक्याचे उभे कोपरे गोल केले होते. हवेचा विरोध 40 टक्क्यांनी उतरला. आतली जागा किती गेली? 1.3 टक्के.

हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. माल वाहणाऱ्याची पहिली हरकत हीच असते की गोल केलं की जागा जाते. भूमितीनं पाहिलं तर कोपरा गोल करताना त्रिज्येच्या चौरसापैकी फक्त 21 टक्के भाग कापला जातो, तोही कोपऱ्यातला, जिथे पोतं किंवा पेटी तशीही नीट बसत नाही. त्याबदल्यात हवा धारेवर फाटत नाही, वळते आणि बाजूच्या पत्र्याला धरून मागे जाते. आडव्या कडाही गोल केल्यावर घट 54 टक्क्यांवर गेली आणि जागेचं नुकसान 3 टक्क्यांवर. गाडीचं पोट पत्र्यानं झाकण्याचे प्रयोगही त्यांनी केले. त्यातूनही फायदा मिळाला, पण कोपऱ्यांच्या मानानं बराच लहान.

पहिला मोठा फायदा तोंडाकडून आला याचं कारण तिथली हवा मुळातच फाटलेली होती. आजच्या कोणत्याही मोटारीचं तोंड कारखान्यातूनच गोल होऊन येतं. 40 टक्क्यांचा तो फायदा तिच्या मालकाला खरेदीच्या दिवशीच मिळालेला असतो. त्यामुळे शूबॉक्सचे आकडे आपल्या हॅचबॅकला लावू नयेत. लावायची ती पद्धत.

पुढे ड्रायडननं कॅब-ओव्हर जातीचा, म्हणजे सपाट तोंडाचा ट्रॅक्टर-ट्रेलर (ओढणारी कॅब आणि तिच्यामागे जोडलेला मालाचा डबा) भाड्यानं घेतला. कॅबचे कोपरे पत्र्यानं गोल केले, छतावर उताराचं आवरण बसवलं, कॅबच्या बाजू मागे ट्रेलरपर्यंत वाढवून मधली फट झाकली. ही फट बंद करण्याच्या कामातूनच 20 ते 25 टक्के इंधन वाचल्याचं नासानं नोंदवलं आहे. आज महामार्गावर कॅबच्या डोक्यावर फुगीर आवरण असलेला ट्रेलर दिसतो, त्यामागे अशी कामं आहेत.

आपल्या ट्रकला हे जसंच्या तसं लागू का पडत नाही, हेही सांगायला हवं. 40 टनांचा भरलेला ट्रक घ्या. त्याच्या टायरचा विरोध 2700 न्यूटनच्या आसपास येईल. खोक्यासारख्या अंगावर ताशी 60 ला हवेचा विरोध त्याच्या निम्म्यानं, साधारण 1300. ताशी 90 ला तो 3000 होतो आणि टायरला मागे टाकतो. अमेरिकी ट्रक दिवसभर दुसऱ्या स्थितीत असतो. घाट, टोलनाका आणि बैलगाडीच्या मागे अडकलेला आपला ट्रक पहिल्या स्थितीतही कमीच वेळ असतो. त्याच्या मालकानं पहिला पैसा टायरच्या हवेवर खर्च करावा, छतावरच्या आवरणावर नव्हे. रात्री मोकळ्या महामार्गावर धावणाऱ्या हलक्या पार्सल कंटेनरची गोष्ट वेगळी. तिथे हे आवरण पैसे वसूल करेल.

आता या प्रकरणातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा भाग. तो पहिल्या अहवालानंतर 25 वर्षांनी समोर आला.

1999 मध्ये साल्ट्झमन आणि मायर यांनी 1973 ते 1982 दरम्यानची जुनी मोजमापं पुन्हा काढली. मालवाहतूक उद्योगानं तेव्हा ट्रॅक्टर-ट्रेलरसाठी 0.25 ड्रॅग गुणांकाचं लक्ष्य ठेवलं होतं. ते कसं गाठायचं हे पाहताना त्यांनी व्हॅनची दोन रूपं शेजारी ठेवली. दोघींची पाठ सारखीच सपाट. एकीचे पुढचे कोपरे काटकोनी, दुसरीचे गोल. एकूण विरोध अर्थातच दुसरीचा खूप कमी. पण फक्त पाठीवरचा विरोध वेगळा काढला तेव्हा तो दुसरीत जास्त होता. तोंड सुधारलं आणि पाठ बिघडली.

कारण असं. काटकोनी तोंडावर फाटलेली हवा गाडीच्या बाजूनं जाडजूड, थकलेल्या, भोवऱ्यांनी भरलेल्या थरात मागे येते. पाठीमागच्या खड्ड्यातली हवा बाहेर ओढायला तिच्यात फारसं बळ उरलेलं नसतं. तोंड गोल केलं की बाजूनं येणारा प्रवाह पातळ, स्वच्छ आणि वेगवान होतो. तो मागच्या कडेवरून सुटताना खड्ड्यातली हवा जोरानं आपल्याबरोबर खेचून नेतो, दाब आणखी पडतो आणि गाडी मागे जास्त ओढली जाते. हॉर्नर या जर्मन वायुगतितज्ज्ञानं हा कल सांगणारं सूत्र आधीच मांडलं होतं. शूबॉक्सची आणि मोठ्या विमानांची मोजमापं एकत्र ठेवल्यावर साल्ट्झमन-मायर यांना दिसलं की सूत्राची दिशा बरोबर आहे, पण प्रत्यक्ष परिणाम सूत्र सांगतं त्याहून कितीतरी मोठा आहे. म्हणून त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: पाठ तशीच सपाट ठेवून तोंडावर कितीही काम केलं तरी 0.25 गाठता येणार नाही.

व्हॅनचं तिसरं रूप याचा पुरावा होता. त्याच गाडीला मागे होडीच्या शेपटीसारखा निमुळता होत जाणारा आणि मध्येच कापलेला भाग जोडला होता. पूर्ण टोकदार शेपटी अव्यवहार्य लांब होते. कापलेली शेपटी हवेला थोडं आत वळवून सोडते, आणि खड्डा लहान होतो. जर्मनीत वुनिबाल्ड काम यांनी 1930 च्या दशकात मोटारींसाठी हेच तत्त्व वापरलं होतं. या रूपाचा ड्रॅग गुणांक 0.242 आला. मूळ अंगाचा खोका, वर पत्रा, आणि आकडा आजच्या चांगल्या सेडानच्या तोडीचा.

घरी प्रयोग करणाऱ्याला इथून जे मिळतं ते कोणत्याही तयार सुट्या भागापेक्षा किमती आहे. आपण फायद्यांची बेरीज करतो: पोटाखालची शीट 3 टक्के, चाकांच्या झाकण्या 2 टक्के, मागचा स्पॉयलर 3 टक्के, म्हणजे एकूण 8. गाडीभोवतीची हवा ही बेरीज मानत नाही. पुढे केलेला बदल मागच्या भागापर्यंत पोचतो. एकट्यानं लावला तर कामाचा ठरणारा तुकडा दुसऱ्याच्या सोबतीत निरुपयोगी ठरू शकतो. उलटंही होतं: सपाट पाठीची गाडी पुढून जितकी स्वच्छ, तितकी तिच्या शेपटीच्या कामाची किंमत वाढते. म्हणून प्रत्येक तुकडा एकटा तपासायचा, मग जोडीनं तपासायचा, आणि शेवटी काढून पुन्हा तपासायचं. काढून तपासणं हीच पायरी लोक गाळतात. लावलं आणि आकडा सुधारला, तर तो शीटमुळे की दरम्यान पडलेल्या वाऱ्यामुळे? शीट काढल्यावर आकडा परत जुन्या जागी आला तरच ती शीटची कामगिरी. एकाच सकाळी न-लावता, लावून, पुन्हा न-लावता, असा क्रम ठेवावा. टायर आधी अर्धा तास चालवून तापवावेत, टाकीतलं पेट्रोल आणि गाडीतली माणसं तीच ठेवावीत.

कुठे करावं? सार्वजनिक रस्त्यावर करू नये. मागून वेगानं येणाऱ्याला तुमची गाडी का मंदावते आहे ते कळत नाही, आणि उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं धोक्याचं आहे. इंजिन तर कधीच बंद करू नये, ब्रेकला आणि स्टीअरिंगला मिळणारी मदत त्याच्याबरोबर जाते. परवानगीनं मिळालेली बंद धावपट्टी किंवा खासगी सरळ रस्ता हवा. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठेवून तिची इंधनचाचणी होते, तेव्हा ते रोलर किती जड फिरवायचे हे ठरवायला कोस्ट-डाउनचीच मोजमापं वापरता येतात. म्हणजे पद्धत हौशी नाही. त्या चाचणीच्या भारतीय चक्रात, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमात, वेग ताशी 90 च्या वर जात नाही. द्रुतगती मार्गावर 100 नं जाणाऱ्याला कागदावरचं अ‍ॅव्हरेज का मिळत नाही, याचं एक कारण इथे आहे.

काय तपासावं याबद्दल माझं मत असं. पहिल्यांदा काढण्यासारखं आहे ते काढा: छतावरचा रिकामा कॅरिअर, बाहेर आलेले झेंड्याचे दांडे, दारांच्या काचांवरच्या पट्ट्या. त्यानंतर पोट. गाडीखाली एक्झॉस्टची नळी, ढाली, गाठी यांची गर्दी असते आणि हवा तिथे सतत अडखळते. पण सनपॅक किंवा कोणतंही प्लास्टिक एक्झॉस्ट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळ नेऊ नका, ते वितळतं आणि पेट घेऊ शकतं. तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अंतर ठेवून लावावा. आपल्याकडचे गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे लक्षात घेतले तर पुढची कड लटकती राहिलेली शीट वेगात सुटून मागच्या दुचाकीवर जाऊ शकते, म्हणून टेपवर आणि केबल टायवर विसंबू नये. पुढची जाळी झाकण्याचा सल्ला थंड देशांतून आलेला आहे. विदर्भातल्या मे महिन्यात रेडिएटर आणि एसी दोघांनाही तीच हवा लागते. झाकायचीच असेल तर वरची अर्धी झाकून, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 विसरू नये: नोंदणीतल्या तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. निघू शकणारी, गाडीच्या बाहेर न येणारी शीट ही एक गोष्ट, आणि दोन फूट मागे वाढवलेली शेपटी ही दुसरी.

वेगाचं गणित इथेच मांडून ठेवतो, कारण ते कोणत्याही शीटपेक्षा मोठं आहे. ताशी 100 वरून 80 वर आलं की हवेचा विरोध 36 टक्क्यांनी कमी होतो. शूबॉक्सचे चारही उभे कोपरे गोल करून जे मिळालं त्याच्या जवळ जाणारा हा फायदा, आणि त्याला पत्रा लागत नाही. इंधन मात्र 36 टक्के वाचत नाही. टायरचा वाटा तसाच राहतो, आणि इंजिनावरचा भार उतरला की त्याचं स्वतःचं घर्षण एकूण खर्चात जास्त दिसू लागतं. हवेच्या विरोधातली घट आणि इंधनातली बचत हे वेगळे आकडे आहेत. जाहिरातीत ते एकमेकांच्या जागी ठेवलेले दिसले की सावध व्हावं.

शूबॉक्सच्या त्या कापलेल्या शेपटीला रस्त्यावर यायला मात्र फार वेळ लागला. तोंडाकडची आवरणं लवकर रुळली, कारण ती ट्रकच्या मालकानं स्वतःच्या कॅबवर बसवायची होती. शेपटी ट्रेलरला लागते, तिच्यामुळे दार उघडायला अडचण होते, आणि वाहनाच्या लांबीचे नियम तिला लांबीतच मोजत. युरोपीय संघानं 2015 मध्ये नियम बदलून मागच्या वायुगतिकीय जोडांना ठरलेल्या लांबीच्या बाहेर येण्याची मुभा दिली. घडी होणाऱ्या पात्यांच्या तशा शेपट्या अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या ट्रेलरांमागेही दिसू लागल्या. दार उघडायच्या आधी चालक खाली उतरतो, पाती बाजूला दुमडतो आणि मग माल उतरवायला लागतो.